स्टुअर्ट मॅक्लीन : रेडिओतला आवाज समोर उभा राहिला तेव्हा

नदीकाठ

परवा कामावरून परतताना गाडीत ओळखीचा आवाज लागला आणि घर आलं तरी मी गाडीतच बसून राहिलो. गोष्ट संपल्यावरच उतरलो. आवाज स्टुअर्ट मॅक्लीन यांचा. १५ फेब्रुवारी २०१७ ला ते गेले. पण त्यांच्या कार्यक्रमाच्या निर्मात्या जेस मिल्टन जुन्या ध्वनिमुद्रणांचा पॉडकास्ट करतात, त्यातली ही गोष्ट होती. २०१२ च्या डिसेंबरात कॅनडातल्या आमच्या किचनर गावी 'सेंटर इन द स्क्वेअर' नाट्यगृहात त्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं. परवापासून ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

कॅनडाबाहेर हे नाव फारसं पोचलेलं नाही, तेव्हा आधी ओळख करून देतो. मॅक्लीन मूळचे रेडिओ पत्रकार. जन्म १९४८ चा, माँट्रिअलचा. आईवडील ऑस्ट्रेलियातून आलेले. सीबीसी रेडिओवर (आपल्या आकाशवाणीसारखीच इथली सार्वजनिक वाहिनी) त्यांनी अनेक वर्षं माहितीपट केले. गयानातल्या जोन्सटाउन या एका पंथाच्या वस्तीत १९७८ साली नऊशेहून जास्त माणसं मेली, त्या हत्याकांडावरच्या कामासाठी त्यांना पुरस्कार मिळाला होता. पुढे टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात ते पत्रकारिता शिकवत. १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांनी 'व्हिनाइल कॅफे' हा कार्यक्रम सुरू केला. गाणी आणि गोष्टी, एवढाच मामला. गोष्टी डेव्ह नावाच्या माणसाच्या. त्याचं जुन्या तबकड्यांचं दुकान, जगातलं सगळ्यात लहान. दुकानाचं ब्रीद : 'आम्ही मोठे नसू, पण छोटे आहोत'. बायको मॉर्ली, मुलं स्टेफनी आणि सॅम, कुत्रा आर्थर, शेजारी टर्लिंग्टन कुटुंब. बस.

मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ओळखीचं कुणी नव्हतं. रविवारी दुपारी बारा वाजता बटाटे उकडायला ठेवायचे आणि रेडिओ लावायचा. नाताळच्या आधीच्या एका रविवारी टर्कीची गोष्ट लागली. ती १९९६ सालची, त्यांची सगळ्यात गाजलेली. नाताळच्या जेवणाची सगळी तयारी मॉर्लीने केली आहे, डेव्हकडे एकच काम : टर्की आणायची. आदल्या रात्री झोपेत ती विचारते, टर्की बर्फातून बाहेर काढलीस ना? आणि त्याच्या लक्षात येतं की ती विकतच आणलेली नाही. मध्यरात्री एका दुकानात उरलेला शेवटचा, फाटक्या कातडीचा, दगडासारखा गोठलेला पक्षी त्याला मिळतो. तो विजेच्या पांघरुणाने आणि केस वाळवायच्या यंत्राने वितळवायचा, मग घरची भट्टी चालत नाही म्हणून हॉटेलात खोली घेऊन तिथल्या स्वयंपाकघरातून भाजून घ्यायचा. मी स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच हसत होतो. बटाटे फुटून त्यांचा लगदा झाला होता.

तर २०१२. वडील (आम्ही आप्पा म्हणतो) मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण इथल्या माणसांचं बोलणं कानाला लागत नाही. त्यांना न्यावं की नाही, मी दोन दिवस विचार करत होतो. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "तू रोज ऐकतोस तो माणूस बघायला मिळणार असेल तर येतो की."

दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं नाट्यगृह भरलेलं. आजोबा-आज्या, नातवंडं, विणकाम घेऊन आलेल्या बाया. रंगमंचावर पियानो, बास, एक-दोन वाद्यं, मधोमध एक माइक आणि कागद ठेवायची उभी चौकट. मॅक्लीन आले. उंच, किडकिडीत, हात लांबलचक. रेडिओवरून मी मनात एक गोलसर, जाडसर माणूस उभा केला होता. पहिली पाच मिनिटं मी त्या माणसाला पुसून हा माणूस बसवत होतो. कुठल्याही गावात गेले की कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते त्या गावाविषयी लिहिलेलं काही वाचायचे. आमच्या गावाचं नाव आलं तशी माणसं खुर्चीत सरळ झाली. आपल्या गावात कुणीतरी येऊन, हिंडून, आपल्याविषयी चार ओळी लिहितं, हे लोकांना किती लागतं ते मला त्या दिवशी दिसलं.

मग गाणी, श्रोत्यांनी पाठवलेल्या खऱ्या गोष्टी आणि डेव्हच्या गोष्टी. गोष्ट रंगात आली की ते गुडघ्यात वाकत, चवड्यांवर उभे राहत, एक हात हवेत अडकून राही. रेडिओवर यातलं काहीच दिसत नाही, पण आता पॉडकास्ट ऐकताना मला तो हात आवाजात ऐकू येतो.

परतताना बर्फ पडत होतं. मी आप्पांना विचारलं, "कळलं का काही?" ते म्हणाले, "शब्द निम्मे गेले. पण अरे, तो थांबतो कुठे ते बघितलंस का?" आणि घर येईपर्यंत तेवढ्यावरच बोलत राहिले. १९६०-७० च्या दशकात मिरजेत आणि सांगलीत गणपतीत कथाकथनं व्हायची, मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर यांची, ती सगळी त्यांना आठवली. त्यांचं म्हणणं असं, की गोष्ट सांगणारा माणूस बोलण्यावरून ओळखायचा नाही, थांबण्यावरून ओळखायचा.

मला याच्यावरच ऐकायचंय. तुम्ही कुणी रेडिओवरून ओळखीचा झालेला माणूस असा मंचावर गोष्ट सांगताना ऐकलाय का?

रेडिओवेडी

किती छान लिहिलंय. बटाटे उकडायला ठेवून रेडिओ लावायचा, हे आमच्या घरातलंच वाटलं.

हे वाचताना मला सारखं 'पुन्हा प्रपंच' आठवत होतं. मुंबई आकाशवाणीवरचं. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी. घरातल्याच गप्पा, घरातलेच घोळ. आमची आई 'टेकाडे भावजी काय म्हणाले' हे शेजारणीला असं सांगायची, की कुणाला वाटावं ते आमच्याच चाळीत राहतात. डेव्ह-मॉर्ली तशीच असणार.

एक प्रश्न. मॅक्लीन गोष्ट पाठ म्हणायचे की वाचायचे? आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी? आईला ऐकवायचंय, तिचं इंग्रजी आप्पांसारखंच आहे.

नदीकाठ

वाचायचे. कागद समोर असायचे, एकेक पान संपलं की बाजूला सरकवायचे. मला आधी याचं थोडं वाईट वाटलं, कारण आपल्याकडे कथाकथनाला माणूस कागद घेऊन उभा राहिला तर लोक कुजबुजतील. पण दहा मिनिटांत कागद दिसेनासे झाले.

सुरुवात टर्कीच्या गोष्टीनेच करा. आईंना आधी मराठीत थोडक्यात गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे शब्द हुकले तरी धागा सुटणार नाही. त्यानंतर मांजराला शौचकूप वापरायला शिकवतात ती.

कातरवेळ

मी नऊ वर्षं एका आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणून कागदाविषयी आणि थांबण्याविषयी, दोन्हीविषयी बोलावंसं वाटतंय.

कागद घेऊन वाचणं सोपं, हा मोठा गैरसमज आहे. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे, की लिहिलेलं वाचायचं, पण ऐकणाऱ्याला ते बोललेलं वाटलं पाहिजे. त्यासाठी आधी लिहावं लागतं बोलल्यासारखं. लांब वाक्य तोडायचं. एका वाक्यात दोन आकडे घालायचे नाहीत. कर्ता शेवटी नेऊन ठेवायचा नाही, कारण ऐकणाऱ्याला मागच्या ओळीवर परत जाता येत नाही. संहितेवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारायच्या, एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबा. पानांना टाचणी लावायची नाही, सुटी ठेवायची, आणि उलटायची नाहीत, सरकवायची, म्हणजे माइकमध्ये खसखस जात नाही. नदीकाठ, तुम्ही पान 'सरकवायचे' असं लिहिलंत तेव्हाच मला तो माणूस स्टुडिओतला आहे हे पटलं. दोन हजार माणसांसमोरसुद्धा हात तोच राहिला.

आणखी एक. 'प' आणि 'फ' माइकवर आदळतात, म्हणून मान किंचित तिरकी धरून बोलायची सवय लागते. ही सवय जात नाही. माझे यजमान आजही म्हणतात, तू माझ्याशीसुद्धा थोडी बाजूला बघून बोलतेस.

आता थांबणं. स्टुडिओत शांततेची भीती असते. काही सेकंद आवाज गेला नाही तर ड्यूटी रूममधून फोन खणखणतो, काय झालं म्हणून. घराघरांत लोक रेडिओ थापटायला लागतात. त्यामुळे आम्ही थांबायचो ते मोजून, अगदी कंजूषपणे. समोर माणसं नसतात. वाक्य पोचलं की नाही, कळायला मार्ग नसतो. हसू यायला हवं अशा जागी आपण अंदाजाने जागा सोडतो आणि पुढे जातो. तीस मिनिटं भिंतीवरच्या लाल दिव्याशी बोलायचं.

एकदा आमच्या केंद्राने गावातल्या शाळेच्या पटांगणात आमंत्रितांसमोर कार्यक्रम केला. मी तोच मजकूर वाचला जो स्टुडिओत वाचला असता. पहिल्याच हशाला मी गडबडले, कारण हसू संपायच्या आत मी पुढचं वाक्य सुरू केलं होतं आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्या दिवशी मला कळलं की मंचावर थांबा आपण घ्यायचा नसतो, समोरचे देतात, आपण फक्त घाईने तो परत करायचा नसतो. आयुष्यभर रेडिओवर काढलेल्या माणसाला हे जमणं फार अवघड. तुमच्या आप्पांनी नेमकं तेच पकडलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पायवाट

धागा छान आहे, पण वेगळं मत मांडते. मी सात वर्षं सस्कॅचवनमध्ये होते. 'व्हिनाइल कॅफे' पुष्कळ ऐकला. आवाज लोभस, भाषा सुंदर, यात वाद नाही. पण मला त्या गोष्टी नेहमी जरा जास्त गोड वाटल्या. सगळी माणसं मुळात चांगली, सगळे घोळ शेवटी निस्तरतात, शेवटच्या परिच्छेदात डोळे ओले होतात. आम्ही तिथे ज्या कॅनडात राहत होतो, म्हणजे रात्रपाळी, पदव्यांना किंमत नाही, मुलीला शाळेत डब्याच्या वासावरून चिडवणं, तो त्या गोष्टींत मला सापडला नाही. एका प्रसिद्ध गल्लीतल्या प्रेमळ माणसांचं कौतुक ऐकताना मला माझं घर आणखी दूर वाटायचं.

कुणाचं मन दुखवायचं नाही. जे वाटलं ते लिहिलं.

नदीकाठ

पायवाट, मन अजिबात दुखलं नाही. डब्याच्या वासाचं वाचून गलबललं. माझ्या मुलालाही तेच झालं होतं, आणि तेव्हा तो पोळीभाजी न खाता परत आणायचा.

तुमचं निम्मं मला मान्य आहे. गोष्टींतली गल्ली मुख्यतः जुन्या कॅनडाचीच आहे. केनी वाँग आहे, त्याचं स्कॉटिश मीट पायचं हॉटेल आहे, पण त्याच्या घरात आपण फारसे जात नाही. ही उणीव खरी.

दुसऱ्या निम्म्यावर मात्र मला बोलायचंय. गोडवा दोन तऱ्हांचा असतो. एक, ज्याने कडू चाखलेलंच नाही त्याचा. मॅक्लीन यांनी जोन्सटाउनसारख्या घटनेवर काम केलं होतं. माणसं माणसांचं काय करू शकतात हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असलेला माणूस चाळिशी उलटल्यावर ठरवतो की मी आता विसरलेल्या टर्कीची गोष्ट सांगणार, तेव्हा ती माझ्या लेखी वेगळी ठरते. त्यांचा एक उपक्रम होता, कुत्र्याच्या नावावरून 'आर्थर पुरस्कार'. कुणीतरी शेजाऱ्यासाठी न सांगता काही केलेलं असायचं, आणि मॅक्लीन त्या माणसाला फोन लावून ते सगळ्या देशाला ऐकवायचे. श्रोत्यांच्या गोष्टींना अट एवढीच, खरी हवी आणि छोटी हवी. त्या गोष्टींत मरण असायचं, आजारपण असायचं, न बोललेली भावंडं असायची. त्या संध्याकाळी अशी एक वाचली तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि ते पुन्हा हातात घेतलं नाही.

शिवाय २०१६ च्या डिसेंबरातली गोष्ट. वर्षभर आधी कर्करोगाचं निदान झालं होतं, उपचार चालू होते, नवे कार्यक्रम बंद होते, जुनेच पुन्हा लागायचे. तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं की पुनःप्रक्षेपणंही थांबवा, ती वेळ दुसऱ्यांना मिळू दे. लोक ऐकायला तयार होते, तरी जागा सोडली. पायवाट, जे आवाज तुम्हाला ऐकू आले नाहीत त्यांना जागा मिळावी असं त्यांनाही वाटत असणार, असं मी धरून चालतो.

सेंटपॉलकर

अमेरिकेतला सख्खा चुलत नमुना : रेडिओवर गोष्टी सांगणारे गॅरिसन कीलर. आमच्या सेंट पॉलमध्ये ६ जुलै १९७४ ला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा डझनभर माणसं होती म्हणतात. पुढे फिट्झगेराल्ड नाट्यगृहातून दर शनिवारी थेट प्रक्षेपण. लेक वोबेगॉन नावाच्या काल्पनिक गावाच्या बातम्या, वीस-वीस मिनिटं, आणि हातात कागद नाही. मी तिथे दोनदा गेलो. मॅक्लीनना मात्र फक्त ऐकलंय.

फरक असा वाटतो : कीलर गावाविषयी सांगतात, थोडे लांब उभे राहून, उसासा टाकत. मॅक्लीन घरात शिरतात, भट्टीचं दार उघडून बघतात. कातरवेळ यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो, कीलर यांचा कार्यक्रम थेट असल्यामुळे घड्याळ डोक्यावर असायचं, तरी ते थांबायचे. आणि तेवढ्या वेळात लाखो घरं थांबलेली असायची. तिथे खुर्चीत बसून या विचाराने माझ्या अंगावर काटा आला होता.

माणदेशी_वाट

आप्पांनी माडगूळकरांचं नाव घेतलं म्हणून लिहितो. व्यंकटेश माडगूळकर आपल्याला लेखक म्हणून माहीत, पण त्यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षं नोकरी केली. शेतकऱ्याला कळेल, पटेल असं रोज लिहायचं, बोलून घ्यायचं. म्हणजे रेडिओतला माणूस मंचावर गोष्ट सांगायला उभा राहतो, हे आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच घडलेलं आहे. पु. ल. सुद्धा आकाशवाणीतलेच, दिल्लीला दूरदर्शनच्या आरंभीच्या दिवसांत होते, आणि एकट्याने मंच भरून टाकायचे. आपण त्यांना रेडिओच्या खात्यात कधी मांडतच नाही.

मी माडगूळकरांना लहानपणी एकदा ऐकलं. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. बाकीचे दोघे हसवून गेले की हे येऊन शांतपणे एखाद्या माणसाविषयी सांगायला लागायचे, आणि पोरंसुद्धा गप्प. आमच्या भागात पाऊस कमी, बोलणंही कमी. तसं सांगणं मला आमच्या मातीचं वाटायचं.

नदीकाठ, आप्पा हा धागा वाचतात का?

नदीकाठ

माणदेशी_वाट, वाचत नाहीत, पण काल रात्री फोनवर सगळा वाचून दाखवला. चव्वेचाळीस मिनिटं. कातरवेळ यांचा नमस्कार पोचवला. लाल दिव्याशी बोलण्याचं त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

मग त्यांनी स्वतःची एक आठवण सांगितली, ती मला आजवर माहीत नव्हती. आमच्या आजोळच्या गावी गणपतीत शाळेतल्या एका मास्तरांचं कथाकथन होतं. ऐन मध्यावर वीज गेली. माइक बंद. मास्तर बोलायचे थांबले. कुणी उठलं नाही. मग मागच्या माणसांनी सतरंज्या पुढे ओढल्या, बाया ओट्यावरून खाली आल्या, पोरं पार मंचाला टेकली, आणि सगळे बसल्यावर मास्तरांनी जिथे वाक्य सोडलं होतं तिथून उचललं. आप्पा म्हणाले, त्या अंधारात त्यांना मास्तरांच्या श्वासाचासुद्धा आवाज येत होता.

किचनरच्या नाट्यगृहात त्यांना तेच आठवलं होतं म्हणे. मला त्या रात्री हे सांगितलं नाही, कारण मी गाडी चालवत होतो आणि रस्ता निसरडा होता.

पायवाट

नदीकाठ, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. श्रोत्यांच्या गोष्टींचा भाग मी नेहमी स्वयंपाक करता करता ऐकला, नीट बसून कधीच नाही. यावेळी नीट ऐकते. मत बदलेल असं वचन देत नाही.

रेडिओवेडी

काल दुपारी आईला टर्कीची गोष्ट ऐकवली. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. आधी मराठीत सांगून ठेवली होती. 'लग्नघरात आदल्या रात्री कळतं की जिलबीवाल्याला सांगितलेलंच नाही' असं म्हटल्यावर तिला लगेच पटलं, त्यानंतर टर्की म्हणजे काय हे तिने विचारलंच नाही.

ऐकताना चेहरा गंभीर. मला वाटलं, कंटाळली. मॉर्ली झोपेत विचारते ती जागा आली. त्यानंतर एक शांतता आहे. आईने कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंद पडलं का गं?"

मी म्हटलं, "नाही, थांब." तिने घाईघाईने तो परत कानात घातला, आणि तेवढ्यात सगळं नाट्यगृह हसलं.